हिरव्या दोऱ्याचा मणी

प्रिय बाई,

तुम्हाला जाऊन साडेतीन महिने झाले. तेवढ्या दिवसांत मी तुमच्या फोटोचा हार बदलला, तेरवीला लाखोरीच्या डाळीचे वडे तळले, तुमच्या तुळशीला रोज पाणी घातलं. पण तुमच्याशी बोलले मात्र नाही. एक अक्षर नाही! का, तर आपलं भांडण चालू होतं. तुम्हाला ते माहीत नसणार, कारण तुम्ही गेल्यावरच ते लागलं आणि मी एकटीच भांडत बसले होते.

काल पवनीला धनराज सोनाराकडे जाऊन आले. तिथं जे ऐकलं, ते डोक्यातून जात नाही. आज सकाळी दोनदा चहा उतू गेला. यांनी विचारलं, "काय होऊन राहिलं वो तुले?" मी म्हटलं, "काही नाही, बाईले चिठ्ठी लिहितो." ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मग नातीच्या वहीतली मधली पानं काढून आणून दिली.

तर पहिले कबुली देते. बाई, तुम्ही गेल्या तेव्हा तुमच्या तोंडात तुमचा गळ्यातला लाल दोऱ्याचा मणी गेला नाही. तो माझ्याकडे आहे. तुमच्या तोंडात मी घातला तो माझा, हिरव्या दोऱ्याचा. आणि तो पितळेचा आहे असं मनात पक्कं धरून घातला.

झालं लिहून.

तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "रंजू, शाळेतलं मराठी मले कायले वाचून दाखवून राहिली? नीट बोल ना वो!" बोलते. जरा दमानं घ्या. आणि मी असं काहून केलं हेही सांगते. जळत होते मी तुमच्यावर. पस्तीस वर्षं जळत होते. तुम्हाला काय वाटलं, धाकटी जाऊ मागे मागे फिरते ती प्रेमानं? प्रेम होतंच. पण जळणंही होतं, आणि जास्त होतं.

ते सुरू झालं तुमच्या त्या करंड्यापासून. आठवते का? माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. अड्याळच्या बाजारात सगळ्या बाया पहिले भाजीकडे वळायच्या, तुम्ही मात्र तडक मोडवाल्याच्या ताडपत्रीवर. फुटके गडवे, गंजलेली कुलुपं, पट्ट्यांचे बक्कल, कोणाच्या घरची मोडकी समई. त्या ढिगात बसून तुम्ही हात घालायच्या तो कोपरापर्यंत. मला लाज वाटायची. नवी नवरी मी, अन् मोठी जाऊ भंगारात बसलेली!

तो काळा करंडा पहिले माझ्या हातात आला होता, बाई. मी उचलला, उलटासुलटा केला, "शी, जर्मनचा होय," म्हणून टाकून दिला. तुम्ही तोच उचलला. अंगठ्यानं घासला, नाकाला लावला. मग माझ्या नाकाला लावला. "घेऊन पाय वास. पितळ घासलं का वास मारते, चांदी नाही मारत. देवानं नाक देल्लं ना तुले?" घरी येऊन रिठ्याच्या पाण्यात टाकला, जुन्या ब्रशनं घासला, अन् तासाभरात तो करंडा असा पांढरा निघाला की सासूबाईंनी उठून तो देवापुढे ठेवला. त्यानंतर जो पाहुणा येईल त्याला एकच गोष्ट. "आमच्या थोरलीनं बाजारातल्या कचऱ्यातून चांदी उचलून आणली." माझ्या हातून सुटली होती हे कोणी सांगितलं? तुम्हीही नाही सांगितलं. ती तुमची चांगुलपणाची सवय! तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच करंड्यातलं कुंकू लावते आणि रोज सकाळी पोटात दुखते.

मग मीही शोधायला लागले. तुम्हाला दाखवायचंच म्हणून. काय काय आणलं मी, आठवा! चांदीचा म्हणून पेला आणला, त्यात ताक ठेवलं तर निळं पडलं. सोन्याची म्हणून नथ आणली, तिचा मोती सासूबाईंनी दातात धरला अन् तो भाकरीच्या तुकड्यासारखा चुरला. आणि त्या तोरड्या! माझ्या भावाच्या लग्नात घालून मिरवले. वरातीत घाम आला अन् दोन्ही घोटे हिरवेगार. माझी वहिनी सगळ्या मांडवासमोर म्हणाली, "वन्सं, पायाले काय लावलं जी?" तुम्ही मला आडोशाला नेऊन लिंबानं पाय घासून दिले. वर म्हणाल्या, "गिलट होय. होते वो असं." हसल्या असत्या तर मी भांडले तरी असते. तुम्ही हसल्याच नाही.

पोरं मोठी झाली, आपापल्या गावी गेली. तुमचे भासरे... चुकले, माझे भासरे, तुमचे मालक, गेले. तुमचा प्रमोद नागपूरला चला म्हणून मागे लागला होता आणि तुम्ही म्हणाल्या, तिथं बाजारात मोडवाला बसत नाही. तेव्हा मी स्कूटी चालवायला शिकले. बावन्नाव्या वर्षी! यांनी अंगणात धरून धरून शिकवली. खरं सांगू? तुम्हाला मागे बसवायला शिकले. वाटलं, आता तरी पुढे मी असेन.

आजकाल घरं रिकामी होऊन राहिली आहेत. म्हातारे जातात, पोरं पुण्याला नाहीतर परदेशात. चार दिवसांसाठी येतात, अंगणात सगळा संसार मांडतात आणि मोबाईलवर टाकतात, 'सामान देणे आहे'. ते मेसेज माझ्या मोबाईलवर यायचे. पत्ता मी काढायची. गाडी माझी. उन्हातान्हात चालवायची मी. आणि तिथं पोचल्यावर बाया मिक्सर अन् कूलरवर झडप घालायच्या तेव्हा तुम्ही कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उघडायच्या अन् त्यातून निघायचं कोणाच्या बाळाचं चांदीचं वाळं! गुंड्यांच्या पिशवीतून सोन्याचं एक फूल! जुन्या बटव्याच्या अस्तरातून चांदीची चिमुकली तपेली! काय डोळे होते का चुंबक होतं, बाई? घरी येताना मी गाडी मुद्दाम खड्ड्यातून घालायची. तुम्ही मागून म्हणायच्या, "रस्ता लई खराब झाला नाही वो?" मी म्हणायची, "हो ना."

माझ्या हाताला सोनं एकदाच लागलं. ते करडी गावात. आता हे मी जरा रागानंच लिहिणार आहे.

करडीच्या त्या घरून आपण पितळेचा कडीचा डबा आणला होता. घरी उघडला मी. तळाशी घातलेला कागद मी उचलला. खाली डोरलं! काळे मणी तुटलेले, पण दोन्ही वाट्या पिवळ्याधमक, आणि मी घासून वास घेतला तर काही वास नाही. मी अंगणात नाचले, बाई. शेजारची बाई भिंतीवरून बघायला लागली. तुम्ही आल्या, हातात घेतलं, कसोटीसुद्धा लागली नाही तुम्हाला. "सोन्याचं होय," म्हणाल्या. आणि दुसऱ्या वाक्याला, "गाडी काढ. वापस द्यायला जाऊ."

किती रडले मी! "बाई, आपण डबा घेतला, डब्यातलं आपलं." तुम्ही म्हणाल्या, "चांदी घे, वाळे घे, काहीही घे. दुसऱ्या बाईचं डोरलं घरात ठेवाचं नाही. कोणत्या बाईनं काय पाहून ते काढून ठेवलं, आपल्याले का माहीत?" मला माहीत होतं तुमचं बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला. करडीला त्या घरच्या लेकीनं डोरलं पाहिलं आणि ती तुमच्या गळ्यात पडून रडली. तुमच्या! मी गाडी धरून उन्हात उभी. सापडलं कोणाला होतं? तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली ती पण तुमच्या मांडीवर. ते लोणचं मी वर्षभर चाटलं नाही. तुम्ही विचारलं, "काहून खात नाही वो?" "दात आंबतात," म्हटलं.

आणि मग आसगाव.

गुरुजींचं घर ते. गुरुजी गेले, पोरं पुण्याची, घर विकायला काढलेलं. त्यांच्या सुनेनं बिस्किटाचा जुना डबा तुमच्या हातात दिला, "काकू, नुसती बटणं आहेत, घेऊन जा." घरी येऊन आपण तो सुपात ओतला. शर्टाची बटणं, हुक, तुटकी सेफ्टी पिना. आणि दोन मणी. हरभऱ्याएवढे, सारखेच. एक जरा चमकत होता, दुसरा मळकट. तुम्ही दोन्ही पाट्यावर टाकून कान लावला अन् पहिल्यांदाच म्हणाल्या, "समजून नाही राहिलं. सोन्याचा असला तरी आत लाख भरली असते, आवाज येत नाही." नाकाला लावले, तर दोन्ही डब्यातल्या गंजलेल्या पिनांचाच वास मारत होते.

तुम्ही माझ्या मोबाईलवरून त्या सुनेला फोनही लावला, मणी निघाले म्हणून. ती म्हणाली, "राहू द्या काकू, तुम्हीच घाला." मग तुम्ही सूप माझ्याकडे सरकवलं. "पयले तू घे."

बाई, पस्तीस वर्षं तुमच्यासोबत फिरून, तुमचं बघून बघून, मी काय उचललं? चमकणारा! अक्कल गहाण टाकली होती मी. हात मागे घेता घेता समजलं होतं. तुम्ही मळकट घेतला. अदलाबदल होऊ नये म्हणून तुम्हीच शिवणाच्या डब्यातून दोरे काढले. माझ्या मण्याला हिरवा, तुमच्याला लाल. "घोळ नको व्हायला," म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात तुम्ही डोळे दाखवायला पवनीला गेल्या. "दोन्ही धनराज सोनारापाशी तपासून आणतो." संध्याकाळी बसमधून उतरल्या, पदराची गाठ सोडली, हिरव्या दोऱ्याचा माझ्या हातावर ठेवला. "दोन्ही सोन्याचे निघाले." एवढं म्हणून तुम्ही चपला काढायला वाकल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी त्या क्षणी ओळखलं की खोटं बोलून राहिल्या. तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं कधी. मी मनात म्हटलं, झालं! हिचा सोन्याचा, माझा पितळेचा, आणि माझं मन राखायला गोड बोलते.

मण्यांना पॉलिश केलेलं होतं, दोन्ही सारखेच दिसत होते. तुम्ही तुमचा त्याच दिवशी गळ्यात घातला. मी माझा डब्बीत टाकला. तुम्ही किती वेळा म्हटलं, "रंजू, भरवसा नसेल तं कोणत्याही सोनारापाशी तपासून पाय." मला ते टोमणे वाटायचे! मी म्हणायची, "तुमी सांगतल्यावर कायले तपासाचं?" आणि आत जाऊन भांडी आपटायची. भीती होती. चार माणसांत पुन्हा घोटे हिरवे व्हायची.

आणि तुम्ही तो मणी दाखवायच्याही नाही. उन्हाळ्यातसुद्धा पदर मानेपर्यंत ओढलेला. अंघोळ झाली की मानेला पावडर. मी यांना म्हटलं, "पाहा, सोनं कसं झाकून ठेवून राहिल्या, जशी मी तोडून घेईन." हे म्हणाले, "तू तं डोळ्यानंच तोडून राहिली."

मग माघातली ती दुपार आली. तीन दिवसांचा ताप, एवढंच. सकाळी तुम्ही माझ्या हातची पेज घेतली, बेचव आहे म्हणाल्या, आणि दुपारी कूस बदलली ती बदललीच. प्रमोद नागपूरहून निघाला होता. बाहेर माणसं बांबू कापत होती. शेजारची सखूमावशी दारातून म्हणाली, "रंजना, तोंडात तुळस, गंगाजल अन् सोन्याचा कण घाल वो बाई. उशीर नको करू." खोलीत दोघीच होतो आपण. एक मी आणि एक तुम्ही.

मी तुमच्या गळ्यातला लाल दोरा सोडला. मणी हातात आला. तो घालायचा होता, तुमचाच होता, तुम्हाला द्यायचा होता. किती सोपं काम! आणि मला काय झालं माहीत नाही. वाटलं, आता हाही जळून जाईल. करंडा तुमचा, वाळे तुमचे, करडीची मिठी तुमची, आणि हा एक मणी, जो मी तेव्हा उचलला असता तर माझाच होता, तोही तुम्ही घेऊन जाणार! मी उठले, माझ्या खोलीत गेले, डब्बी उघडली. हिरवा दोरा कात्रीनं कापला. आले. तुमच्या ओठांवर बोट ठेवलं तेव्हा ते अजून गार झाले नव्हते. मणी आत सरकवला. वर तुळशीचं पान.

सखूमावशी आत आली. "घातलं सोनं?" "घातलं," म्हटलं.

अंग पुसताना तुमच्या मानेवर, मणी टेकायचा तिथं, एक हिरवट डाग दिसला. मी ओल्या फडक्यानं घासला, गेला नाही. तापाचा असेल म्हटलं. मी, जिच्या दोन्ही पायांवर असाच डाग पडला होता, मी म्हटलं तापाचा असेल!

त्यानंतर साडेतीन महिने मी वाट पाहिली. तुम्ही स्वप्नात याल, हात पुढे कराल, "माहा मणी?" म्हणाल. मी उत्तरं तयार ठेवली होती. नाही आल्या. माणूस भांडायला तरी येते! पितळ तोंडात घेऊन तुम्हाला वर कोणी दारात अडवलं असेल का, या विचारानं मी दोनदा मंदिरात जाऊन नुसतीच बसून आले. आणि घरी आल्यावर डब्बी उघडून मणी पाहायची. पापी आनंद व्हायचा, बाई. माझा झाला, माझा झाला.

उन्हाळी धान निघालं, हात जरा मोकळे झाले, तशी काल पवनीला गेले. म्हटलं, आता कोणी ओळखणार नाही, माझ्या डोरल्यात मधोमध ओवून घेऊ. धनराजभाऊंनी मणी घेतला, दगडावर घासला, वर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ उडाली.

"वहिनी, हे पितळ होय. वरतून सोन्याचं पाणी."

"डोक्यावर पडले का धनराजभाऊ? हा बाईचा मणी होय! तुमीच तं तपासून देल्ला!"

"म्हणूनच सांगून राहिलो ना. बाईनं दोन आणले होते. लाल दोऱ्यातला सोन्याचा निघाला, हिरव्यातला पितळेचा. मले म्हणाल्या, पॉलिश करून दे अन् दोरे बदलवून टाक. लाल पितळेले, हिरवा सोन्याले. म्या म्हटलं, बाई, उलटं होऊन राहिलं."

मी स्टुलावर बसले. "मग?"

"तं म्हणाल्या, उलटंच राहू दे. करडीत तिच्या हाताले सोनं लागलं होतं, ते म्या तिच्या हातातून काढून घेतलं. तेव्हापासून माह्या जिवाले लागून हाये. मंग म्याच विचारलं, बाई, अन् तुमाले? तं हासल्या. माहं काय, म्हणे, मले तं सापडतच राहते."

मले तं सापडतच राहते! ऐकलं मी ते, धनराजभाऊंच्या दुकानात, पंख्याखाली बसून, चार गिऱ्हाइकांसमोर, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. खरंच सांगते. मेल्यावरसुद्धा तुम्हीच वर! मी तुमची चोरी केली, तर पितळ चोरलं. मी तुम्हाला फसवून पितळ घातलं, तर ते सोनं निघालं. मला नीट पापसुद्धा करू दिलं नाही तुम्ही!

आणि सांगितलं काहून नाही? एकदा म्हणायचं होतं, "रंजू, हा माहा होय, तुले देल्ला." मी नाक मुरडलं असतं, दोन दिवस बोलले नसते, पण घातला असता ना गळ्यात! तुम्ही तो हिरवा डाग घेऊन फिरल्या. मानेला पावडर लावत बसल्या. चांदी नाकानं ओळखणारी बाई रोज पितळेचा वास घेत झोपली. आणि मी काय म्हणत होते? बाई सोनं झाकून ठेवते.

घरी येताना एकही खड्डा चुकवला नाही. मागची सीट रिकामी होती.

बाई, आता पुस्तकातलं राहू द्या. आता आपल्या बोलीत सांगतो.

तो पितळेचा मणी म्या गळ्यात घातला हाये. लाल दोऱ्यातच. पदर नाही ओढत, पावडर नाही लावत. मान हिरवी झाली तं होऊ द्या. कोणी विचारलं का सांगतो, माह्या जावेचा होय. पुढच्या आठवड्यात कोंढ्याले एक घर रिकामं होऊन राहिलं, मेसेज आला हाये. जातो मी. एकटीच जातो. अन् जे चमकन ते खाली ठेवीन, काळं असन ते नाकाले लावीन. डोरलं निघालं तं वापस देईन, रडत रडत देईन, पण देईन.

अन् पोरीले सांगून ठेवलं, माही वेळ आली का तोंडात हाच घालजो. ते म्हणाली, "आई, पितळ नाही चालत, सोनंच लागते." म्या म्हटलं, "चालते. मले ज्याईले नेऊन दाखवाचा हाये, त्याईले समजते."

तिथं आली का पयले तुमच्या हातावर ठेवीन. घासून पायजा, वास घेजा, अन् एक डाव तरी हासजा माह्यावर. पण एक आतापासून सांगून ठेवतो, बाई. तुमच्या तोंडातलं सोनं माहं होतं. तुमीच देल्लं होतं मले. अन् मी तुमाले देल्लं. पितळ समजून देल्लं, जळून देल्लं, चोरून देल्लं, पण देल्लं तं मीच! तेवढं एक माह्या नावावर राहू द्या.

तुमची धाकटी,
रंजू
(अजून जळतोच)